गोदाम नंबर तीन, एकतीस डिग्री

आंजी (मोठी)
२ फेब्रुवारी

शून्य? तू शून्य लिवलं, अंकित?

काल आकांक्षानं तुहं प्रोफाईल उघडून मले दाखवलं. मले तं तू सगळीकून ब्लॉक केलं, माह्या चुलत बहिणीले ब्लॉक करायचं विसरला. हैदराबाद, गळ्यात कंपनीचा पट्टा, हातात कॉफी. अन् खाली लिवलेलं : जिनिंग मिलच्या चालू सर्व्हरचा कर्नल, म्हंजे मुख्य प्रोग्राम, बदलला, मशीन बंद राह्यली शून्य मिनिटं.

खरंच आहे म्हणा. मशीन एक सेकंद बंद नाई पडली. मिल जळली, मशीन चालूच होती. आगीचा बंब पाणी मारून राह्यला होता, तवाबी ऑफिसातल्या स्क्रीनवर हिरवा दिवा होता अन् लिवलं होतं, गोदाम नंबर तीन, एकतीस डिग्री. मी सोता पाह्यलं. बाहेर जळक्या सरकीचा वास असा का घशात तेल ओतल्यासारखा, अन् आत काचेमागं एकतीस. तुह्या प्रोफाईलवर तो फोटो लाव. मस्त दिसन.

फोन लागत नाई, मेल परत येते. म्हणून कागद. स्पीड पोस्टनं पाठवून राह्यली, म्हंजे तुले सही करून घ्या लागन. पोस्टमनले ब्लॉक करता येत नाई.

आता मुद्दा. मिलवाल्यानं आगीसाठी गोमाजीकाकाचं नाव दिलं. म्हणे गोदामाच्या चौकीदारानं बिडी ओढली, ठिणगी सरकीत पडली. गोमाजीकाका अन् बिडी! त्या माणसानं जिंदगीत बिडी ओढली नाई, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाते. सगळ्या मिलले माहीत आहे. ताराचंद मॅनेजर सोता त्याच्या पन्नीतला खर्रा मागून खाये. पण कागदावर बिडी लिवली, कारण खर्ऱ्यानं आग लागत नाई.

सत्तावीस तारखेले जाम गावात, मिलच्या ऑफिसात चौकशी आहे. पोलीस पण राहणार. त्या दिवशी बिडी पक्की झाली का काकाची नोकरी गेली अन् डोक्यावर केस बसली. अठ्ठावन्न वय आहे त्याचं. दोन्ही हाताले पट्ट्या आहेत, कारण गोदामाची लाल झालेली कडी त्यानं उघडली. पळून नाई गेला तो. तुह्यासारखा.

तुह्याजवळ लॉग आहे, मशीननं सोता लिवलेली नोंद. आगीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू दुरूनच मशीन रीबूट केली, सगळं धुऊन गेलं, पण त्याच्या आधी तू कॉपी काढली. तूच मेसेज टाकलता मले : लॉग माझ्याजवळ सेफ आहे, तू कोणाशी बोलू नको. अर्ध्या घंट्यानं ब्लॉक.

त्या लॉगमधे एक ओळ आहे. तू जबरदस्ती केल्याची. तेवढी ओळ सत्तावीसच्या आधी पाठव. मंग तुहं हैदराबाद तुले लखलाभ.

वर्षाली


आंजी
९ फेब्रुवारी

सही आली तुही. पोस्टाच्या साईटवर दिसते, पाच तारखेले बारा वाजून दहा मिनिटाले डिलिव्हर. म्हंजे वाचलं. म्हंजे वाचून गप आहे.

गप राहाचं शिकवलं कोणं तुले? कॉलेजमधे तं तुहं तोंड बंद होत नव्हतं. आठवते का, थर्ड इयरले आपण दोघंच होतो ज्याईले स्टॅक हातानं वाचता ये. बाकीचे पोट्टे पिक्चरले जात, अन् आपण ग्राफ पेपरवर चौकोन काढून बसत होतो. वरच्या चौकोनाले खालच्यानं बोलावलं, खालच्याले त्याच्या खालच्यानं. कोण कोणाच्या सांगण्यावरून इथवर आला, वरून खाली वाचत जायचं. तू म्हणे, वर्षे, हे तं खानदान वाचल्यासारखं आहे. मी म्हणो, खानदानात झूट चालते, इथी नाई.

अन् नियम मी शिकवलता तुले. पूर्ण साखळी वाचता येत असन तं सांगायची. एक जरी कडी शंकेची असन, तं ‘भरवसा नाई’ म्हणून हात वर करायचे. अर्धी खरी साखळी सगळ्यात वाईट, कारण लोक तिच्यावर मशीन चालवतात.

तं सतरा जानेवारीची साखळी मी सांगते. तुले माहीत आहे, तरीबी सांगते. चौकशीत मले बोलायचं काम पडन, तं तयारी.

सरकी ओली असली का ढिगाच्या पोटात आपोआप तापते. म्हणून मिलवाल्यानं तिन्ही गोदामात ढिगात सेन्सर खोसले अन् त्याची तार ऑफिसच्या मशीनले आणली. ती तार वाचणाऱ्या कोडमधे गडबड होती, कधीकधी अडके. मी दुरुस्ती लिवली. दोन फंक्शन बदलले मी. एक कुलूप लावते, एक कुलूप काढते, म्हंजे एका वेळी एकच जण तार वाचन. जुन्यात एक कुलूप होतं, नव्यात दुसरं. सीझनमधे मशीन बंद करता येत नाई, म्हणून चालत्या कर्नलमधेच बदलायचं ठरलं. ते काम तुह्याकडे होतं.

दुपारी तू सुरू केलं. कर्नलनं एकेका प्रोग्रामचा स्टॅक पाह्यला, जो जुन्या फंक्शनच्या बाहेर आहे त्याले नव्यावर टाकलं. सगळे आले. एक नाई आला. गोदाम तीनची तार वाचणारा. तो जुन्या फंक्शनच्या आत, जुनं कुलूप लावून झोपला होता, तारेवरून उत्तर यायची वाट पाहत. कर्नलनं त्याले हलवलं, पण ती झोप अशी का कोणाच्या हाकेनं मोडत नाई, फक्त उत्तरानं मोडते. अन् तार ढिली होती, उत्तर येत नव्हतं. स्क्रीनवर पिवळा दिवा, काम अधुरं.

चार वाजून दहा मिनिटाले तू मले फोन केला. मी घरी होती, आकांक्षाच्या साक्षगंधात. मी तुले सांगतलं, थांब. गोमाजीकाकाले तीन नंबरवर पाठव, सेन्सरच्या डब्यावरचं बटन दाबायले लाव. उत्तर येईन, तो बाहेर निघन, मंग आपोआप होईन. दहा मिनिटाचं काम.

तू नाई थांबला. तू फोर्स मारला. सगळे नव्यात आले असं कर्नलले जबरदस्तीनं मानायले लावलं. दिवा हिरवा.

मंग संध्याकाळी काका नेहमीच्या फेरीत गेला, त्यानं बटन दाबलं, झोपलेला उठला. आत गेलता जुन्या दारानं, बाहेर निघाला नव्या. नवं फंक्शन नवं कुलूप काढते, जुन्याले हात लावत नाई. जुनं कुलूप तसंच राह्यलं, अन् त्या तारेवरचं वाचन कायमचं थांबलं. स्क्रीनवर दुपारचा आकडा. एकतीस.

ही साखळी. पाठव ओळ.

वर्षाली


बोरगाव मेघे
१४ फेब्रुवारी

तुह्या घरी बसून लिवून राह्यली. तुह्याच टेबलावर, वरच्या खोलीत. जिथून आपण मिलचं काम करत होतो, ते आपलं ऑफिस. तुह्या आईनं, मंदाकाकूनं, आता इथी गहू अन् तुरीचे कट्टे ठेवले. भिंतीवर आपण काढलेला स्टॅक तेवढा तसाच आहे, मार्करचा, तिनं पुसायले पाह्यलं तं निंगला नाई म्हणे.

काकू मले पाहून आधी खूश झाली, मंग घाबरली. तिले माहीत आहे काहीतरी, पण काय ते माहीत नाई. चहा केला, पोहे केले, अन् मंग दरवाज्यात उभी राहून पदराले हात पुसत राह्यली. म्हणे, पोरी, त्याचं आताच बस्तान बसून राह्यलं, त्याले कायले ओढतं. मी म्हटलं, काकू, मी ओढत नाई, एक कागद मागून राह्यली. म्हणे कागदासाठी कोणी इतकं रडते का. मी रडत नव्हती. सर्दी होती मले.

मंग तिच्या फोनवरून तुले लावला. तिनंच लावून दिला. तू उचलला, ‘बोल आई’ म्हटलं, अन् माहा आवाज ऐकून ठेवून दिला. मंग तिच्याच फोनवर मेसेज. तिले वाचायले चष्मा सापडेना, म्हणून तिनं माह्याच हातात दिला.

‘आई तिला सांग, माझ्याजवळ फक्त लॉग नाही, तिचा कॉलपण रेकॉर्ड आहे.’

काकूनं विचारलं, काय लिवलं. मी म्हटलं, तब्येतीची काळजी घे लिवलं. म्हणे, गुणाचा आहे माहा पोरगा.

तं आता ऐक, गुणाच्या पोरा.

हो. मी हो म्हटलं होतं. आधी थांब म्हटलं, ते खरं आहे, रेकॉर्ड पूर्ण ऐकव. तू म्हटलं, ताराचंद फोन करकरून डोक्यावर बसला आहे, मालक लोक पाहायले येऊन राह्यले, त्याले पिवळा दिवा नाई पाह्यजे, गोमाजी सापडून नाई राह्यला. अन् इकडे मले नवरदेवाकडचे फोटोसाठी बोलवून राह्यले होते. मी म्हटलं, बरं, कर, हो. तीन शब्द. हो हा तिसरा.

पण हात तुहा होता. चौकशीत हात विचारतात, शब्द नाई. अन् तू मले माहाच आवाज दाखवून भेव दाखवतो? आपण ज्या मुक्कामी पोचलो होतो अंकित, तिथी तुह्या आईनं मले एक दिवस लग्नाच्या बांगड्या पाहायले सोबत नेलतं. तवा रेकॉर्डिंग चालूच राहे का तुहं? का तेबी सेफ ठेवलं?

खालून आवाज देऊन राह्यली ती. जेवून जाय म्हणते.

वर्षाली


आंजी
१९ फेब्रुवारी

नको पाठवू.

ताराचंद घरी आलता, गाडी घेऊन, पेढे घेऊन. बाबांसोबत कापसावर बोलला, आईले वहिनी म्हटलं, अन् जाता जाता मले कागद दिला. टाइप केलेला. ‘दि. १७ जानेवारी रोजी सायंकाळी तापमान यंत्रणा सुरळीत चालू होती.’ खाली माह्यं नाव, सहीची जागा कोरी.

म्हणे, “बाई, तुमचंबी नाव साफ, आमचंबी साफ. यंत्रणा बंद होती असं निंगालं तं पयले बोट तुमच्याकडे.”

मी म्हटलं, अन् गोमाजी? तं म्हणे, त्याले काय, तो आपल्या गावाकडे जाईन, जंगलात लाकडं फोडन, त्या लोकाईले सवय राह्यते. बाबा तिथीच बसले होते. काही नाई बोलले. मी पण नाई बोलली.

कागद कपाटात ठेवला. खोटं नाई बोलत, दोनदा पेन काढला. तू तिकडे गप, मी इकडे गप, दिवा हिरवा. सोपं आहे. तुह्यासारखं जगणं किती सोपं आहे हे मले आता समजलं.


जाम
२३ फेब्रुवारी

आज गोमाजीकाकाच्या घरी गेलती.

मिलच्या मागून एक पांदण जाते, तिच्या टोकाले सात-आठ घरं. अंगण असं सारवलेलं का चप्पल काढून पाय ठेवावा वाटते. काकाची बायको जिजाबाई बाहेर सुपात तूर पाखडून राह्यली होती. मले ओळखून “जय सेवा” म्हणाली अन् खाट ओढून दिली. राग असन तं दाखवला नाई. तेच जास्त लागलं.

काका आतून आला. पट्ट्या काढल्या आहेत आता. तळहात गुलाबी, चकचकीत, लहान लेकराच्या गालासारखे. जिजाबाई त्याले पाणी पाजून देते, कारण गिलास धरला का सुटते. तिनं गोंडीत काही म्हटलं तं तो हसला. मंग मले सांगतलं, मी हिले म्हणतो, आता तू माह्याकडून गरम भाकर पलटवून घेत जाय, मले चटका लागत नाई.

तुले माहीत नसन, तू मिलमधे कधी गेलाच नाई. काका तीस वर्षं सरकी सांभाळते. त्याच्याजवळ एक लोखंडी सळई आहे, त्याच्याहून उंच. ती ढिगात खोसायची, एक खर्रा खाऊन होईपर्यंत ठेवायची, ओढायची अन् तळहातात धरायची. कोठपर्यंत गरम आहे त्याच्यावरून त्याले समजे का आग किती हात खोल आहे. मंग माणसं लावून ढीग पलटवायचे. तीस वर्षांत एक पोतं नाई जळलं. सेन्सर लागले तवा त्याले सांगण्यात आलं, आता सळई नाई, इस्क्रीन पाहायची. तरीबी तो संध्याकाळच्या फेरीत एकदा सळई लावेच. आदत.

जिजाबाईनं मले विचारलं, ते मशीनमधे असं झालं काय ते एक बार समजावून सांगा. मी सांगतलं. म्हटलं, जिनिंगचा रोलर चालता चालता बदलायचा आहे असं समजा. आधी काय पाहा लागन? ती म्हणे, कोणाचा हात आत तं नाई ना. बरोबर. तं मशीनमधे ते पाहायची एक रीत आहे. प्रत्येकाजवळ एक यादी राह्यते, कोण कोणाच्या सांगण्यावरून कोठी आला. ती यादी वाचायची. जुन्या रोलरचं नाव यादीत असलं तं थांबायचं. आमी थांबलो नाई.

तिनं सूप खाली ठेवलं. मले वाटलं आता शिव्या देईन. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

“मंग याची यादी वाचा ना,” तिनं नवऱ्याकडे बोट केलं. “सळई गरम लागल्यावर हा माणूस मजूर बोलावते. तीस साल बोलावले. त्या दिवशी काऊन नाई बोलावले? याले तिथी बसून राहायले कोणं सांगतलं?”

काका जमिनीकडे पाहत होता. त्यानं माह्याकडे एकदाबी नाई पाह्यलं.

“इस्क्रीननं,” तो म्हणे.

मी चहा तसाच ठेवून उठली. गाडीचं कारण सांगतलं. गाडी दोन घंट्यानं होती.


वर्धा, बसस्टँड
२७ फेब्रुवारी, सकाळी

अंकित,

तुले मी पाच पत्रं लिवली अन् पाचही झूट. खोटं एकाही ओळीत नाई, पण साखळी अर्धी होती. मीच शिकवलेला नियम.

आता पूर्ण वाचते. स्टॅक वाचतात तसा, शेवटचं सगळ्यात वर.

काकाचे हात कडीवर भाजले, साडेसातले.

तोपर्यंत तो स्क्रीनसमोर बसून होता. एक घंटा. उठला नाई, मजूर बोलावले नाई.

त्याले बसवलं मी.

सहा वाजून वीस मिनिटाले त्यानं मले फोन केलता. मिलमधे कोणाले नाई, ताराचंदले नाई, मले. मी त्याले सेन्सर समजावून दिले होते ना, त्याले वाटे का मी सांगन. मागं बँडवाले वाजवून राह्यले होते, म्हणून मी गोठ्याकडे जाऊन उचलला.

“बाई, सळई गरम लागून राह्यली. दोन हातावरच चटका हाय. इस्क्रीन तं एकतीस दाखवते.”

मी काय म्हटलं ते तुह्या रेकॉर्डिंगमधे नाई. ते फक्त दोघाईले माहीत आहे अन् त्यातला एक चाळीस दिवस झाले गप आहे, माह्यासाठी.

“हाताचं काय खरं, काका. स्क्रीनवर आहे तेच खरं. बसा आरामात.”

“बरं बाई,” तो म्हणे. “तुमी शिकलेल्या.”

अन् अंकित, मले तेव्हा पक्कं माहीत होतं, तू फोर्स मारला आहे. मले माहीत होतं, तीन नंबरवाला जुन्यात झोपला होता. दोन अन् दोन चार करायले मले ग्राफ पेपर नाई लागत. मी नाई केले. कारण ते कोड माह्यं होतं, अन् माह्या कोडचा आकडा एका चौकीदाराच्या तळहातापुढं चुकन हे माह्या डोक्यातच नाई आलं. आलं असन तं मी येऊ नाई दिलं.

त्याच्या खाली, एकतीस अडकलं कुलपामुळं. कुलपाच्या खाली तुहा फोर्स. त्याच्या खाली माह्यं हो. अन् हो च्या खाली अजून एक चौकोन आहे. तळाचा. चार दहाले तुहा फोन आला तवा नवरदेवाच्या मामानं माह्याकडे पाहून विचारलं होतं, ही पोरगी काय करते. मी सगळ्यायपुढं फोन कानाले लावून म्हटलं, मी इथी बसल्या बसल्या जामची चालती मशीन बदलवून राह्यली. सगळे पाहून राह्यले होते. मंग तुले ‘थांब, आधी चौकीदाराले विचार’ म्हणून किती वेळ बोलणार? हो म्हटलं अन् फोटोले गेली. फोटोत मी लय मस्त आली आहे.

इथी साखळी संपते. याच्या खाली कोणी नाई.

महिनाभर मी तुले ओळ मागत होती. पुरावा माह्या पर्समधे होता. अडकलेल्याचा स्टॅक तू चार वाजून आठ मिनिटाले मले फोटो काढून पाठवलता, तो अजून फोनमधे आहे. जुन्या फंक्शनचं नाव सगळ्यात वर, साफ वाचता येते. अन् त्याच फोनमधे कॉलची यादी, गोमाजी मिल, सहा वीस, चार मिनिटं. हे दोन एकत्र ठेवले का बिडी उरत नाई. पण मी उरते. म्हणून तुह्याकडून मागत होती. तुही ओळ आली असती तं तू उरला असता.

रात्री मी ताराचंदचा कागद कपाटातून काढला. फाडणार होती. मंग पलटवला, मागची बाजू कोरी होती, तिच्यावर सगळं लिवून काढलं. गोठ्यापासून कडीपर्यंत. सही केली. आता दोन्ही बाजू सोबत जातीन, पुढून त्याचं सुरळीत, मागून माह्यं. आईले सांगतलं नाई. बाबांनी विचारलं, सकाळी सकाळी कोठी? म्हटलं, जामले, मशीनचं काम आहे. त्याईनं शेंगदाण्याचे पंचवीस लाडू बांधून दिले, चौकीदाराच्या घरी देजो म्हणे. म्हंजे त्या दिवशी ऐकलं होतं त्याईनं सगळं.

तुहं नाव कागदात आहे. फोर्स कोणं मारला ते लिवलं, खोटं एक अक्षर जोडलं नाई, कमी पण नाई केलं. तुही कंपनी तुले काय विचारन ते तू अन् ते पाहा. आवाज ऐकवायचा असन तं ऐकव, माह्या कागदात तो आधीच आहे. माह्या आवाजाचं आता तुह्याजवळ काही राह्यलं नाई.

एक गोष्ट विचारायची राहून गेलती. बांगड्यायची नाई. तू जेव्हा फोर्स मारला, तेव्हा त्याचा स्टॅक शेवटचा एकदा पाह्यला होता का? का नुसता दिवा पाह्यला? नको सांगू. आता उत्तर घ्यायले माह्याजवळ काही नाई. फोन मी चौकशीच्या टेबलावर ठेवणार आहे, पासवर्डसकट, अन् ते ठेवून घेतीन. आंजीच्या पत्त्यावर लिवशील तं आई उघडन.

जामची गाडी लागली. कंडक्टर आवाज देऊन राह्यला, खिडकीची जागा एकच आहे.

हे पत्र स्पीड पोस्टनं नाई पाठवत. स्टँडच्या गेटवर लाल डबा आहे, त्याच्यात टाकते. सही लागत नाई. तू वाचलं का नाई ते मले पाहायचं नाई.

चालली.